वीज गेली तरी वेळ चुकू नये : फिश टँकसाठी घरच्या घरी उजेडाचा कंट्रोलर

फिरत्या चकतीचा चोवीस तासांचा टायमर इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो. तो प्लगमध्ये खोचला आणि चकतीवरच्या खुंट्या हव्या त्या वेळेला दाबल्या, की फिश टँकचा दिवा रोज ठरल्या वेळी लागतो आणि विझतो. वीज अखंड असेल तिथे एवढे पुरते. नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यासारख्या गावात मात्र या टायमरची गाठ भारनियमनाशी, मृगाच्या वाऱ्यावादळाशी आणि डीपीवरच्या उडालेल्या फ्यूजशी पडते. चकती विजेवरच फिरत असल्याने दोन तास वीज गेली की तीही दोन तास जागच्या जागी थांबते. त्यानंतर दिवा दोन तास उशिरा लागतो आणि दोन तास उशिरा विझतो. आठवड्यात असे तीन-चारदा झाले की सकाळचा उजेड दुपारवर जातो आणि मध्यरात्री टाकी लख्ख उजळलेली राहते.

टाकीतल्या गोल्डफिशला किंवा गप्पीला पापण्या नसतात. उजेड नको झाला तरी डोळे मिटण्याची सोय त्यांना नाही. रोजचा ठरावीक अंधार हीच त्यांची विश्रांती. गडद अंधारात दिवा एकदम पेटला तर मासे दचकून काचेवर आपटतात आणि झाकण नसलेल्या टाकीतून बाहेरही उडी मारतात. म्हणून उजेड वेळेवर यायला हवा आणि हळूहळूही यायला हवा. ही दोन्ही कामे करणारा कंट्रोलर घरी बनवता येतो. दहावी-बारावीतला हौशी विद्यार्थीही तो एखाद्या आठवड्याच्या सुटीत उभा करू शकतो.

पाण्याचाही प्रश्न

उजेड जास्त झाला की पहिले फावते ते शेवाळाचे. काचा हिरव्या होतात, वनस्पतींच्या पानांवर तंतू चढतात, कधी सगळे पाणीच हिरवे पडते. त्यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे निम्मे पाणी बदला. हा सल्ला मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पाळायचा कसा? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे या भागातले कोणीच विसरलेले नाही. ज्या घरात टँकरची वाट पाहिली जाते, तिथे शेवाळ धुऊन काढण्यासाठी पाण्याच्या बादल्या ओतणे परवडत नाही.

दुसरा उपाय दुकानदार सुचवतो : शेवाळ खाणारा ‘सकर’ मासा घ्या. तो बोटाएवढा असताना गोड दिसतो. पण नेहमी विकली जाणारी जात फूटभर किंवा त्याहूनही मोठी होते, दोन फुटांच्या टाकीत मावेनाशी होते आणि मग तिला नदीत नाही तर तलावात सोडून दिले जाते. हा दक्षिण अमेरिकेतला मासा असाच भारतातल्या अनेक जलाशयांत पसरला असून तो मासेमारांची जाळी फाडतो आणि स्थानिक माशांचे अन्न खातो. लोहा तालुक्यात लिंबोटीला ऊर्ध्व मानार प्रकल्पाचा जलाशय आहे, नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरी आहे. टाकीतला कोणताही मासा या पाण्यात सोडू नये.

शेवाळाला मुळात आवरायचे तर उजेडाचे तास आणि त्याचा जोर हातात हवा. त्यामुळे हा कंट्रोलर केवळ शोभेसाठी नाही. वीज आणि पाणी दोन्ही बेभरवशाचे असलेल्या ठिकाणी तो सर्वांत आधी लावावा अशी वस्तू आहे.

काय काय लागेल

हिशेबासाठी सगळ्यांत जास्त खपणारी टाकी घेऊ : दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तीत काठोकाठ सुमारे ५४ लिटर पाणी मावते. जावा फर्न, अनुबियास, व्हॅलिसनेरिया अशा सोशिक वनस्पतींसाठी लिटरमागे १५ ते २५ लुमेन उजेड पुरतो, म्हणजे एकूण ८०० ते १३५० लुमेन. फॉल्स सीलिंगला वापरतात तीच १२ व्होल्टची पांढरी एलईडी पट्टी इथे चालते. पांढऱ्याची छटा ६५०० केल्विनच्या आसपासची, म्हणजे ‘कूल व्हाइट’ घ्यावी. मीटरला साधारण १० वॅट घेणाऱ्या पट्टीचे ६० सेंटिमीटरचे तीन तुकडे केले, तर १.८ मीटरला १८ वॅट आणि १२ व्होल्टवर दीड अँपिअर प्रवाह लागतो. पट्टी कापायच्या जागी कात्रीची खूण असते. तिथेच कापावी, नाहीतर एलईडींचा एक गट बंद पडतो.

पांढरी एलईडी मुळात निळीच असते. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर दिला की तिचा उजेड पांढरा होतो. निळी एलईडी शोधल्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शूजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. वनस्पतींना निळा आणि लाल उजेड लागतो. पांढऱ्या पट्टीत निळा भरपूर आणि लाल बेताचा असतो, पण वर सांगितलेल्या वनस्पतींना तो पुरेसा होतो. संध्याकाळच्या मंद उजेडाची हौस असेल तर निळ्या पट्टीचा एक वेगळा तुकडा दुसऱ्या चॅनेलवर, म्हणजे कंट्रोलरच्या वेगळ्या पिनवर, लावावा. तो रात्रभर मात्र चालू ठेवू नये.

पट्टीखेरीज पुढील वस्तू लागतात :

१) आर्डुइनो नॅनो किंवा उनो. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावी विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेला हा बोर्ड आज सर्वत्र मिळतो.

२) डीएस ३२३१ घड्याळ मॉड्यूल. वीज नसताना हे बटणसेलवर चालते. त्याची चूक वर्षाला एखाद्या मिनिटाच्या आसपास राहते. जुने डीएस १३०७ स्वस्त असते, पण उन्हाळ्या-हिवाळ्यातल्या तापमानबदलाने ते अधिक भरकटते.

३) लॉजिक लेव्हल मॉस्फेट, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर पट्टीचा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक खटका, आयआरएलझेड ४४ एन. प्रत्येक चॅनेलला एक.

४) २२० ओहम आणि १० किलोओहमचे रेझिस्टर, प्रत्येक मॉस्फेटला एकेक.

५) १२ व्होल्ट ३ किंवा ५ अँपिअरचा एसएमपीएस (घरातल्या विजेचे १२ व्होल्ट करणारा डबा) आणि बोर्डासाठी १२ चे ५ व्होल्ट करणारा छोटा बक कन्व्हर्टर.

६) पट्टी चिकटवायला ॲल्युमिनियम चॅनेल. उष्णता ओढून घेण्यासाठी तो हवाच.

सगळ्याचा खर्च दीड हजार रुपयांच्या आसपास येतो. नांदेडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत काही भाग न मिळाल्यास पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड ही जुनी ठिकाणे आहेतच, आणि आता ते ऑनलाइनही मागवता येतात.

खरेदी करताना मॉस्फेटवरची अक्षरे भिंगातून वाचून घ्यावीत. दुकानात आयआरएफझेड ४४ एन हा हुबेहूब तसाच दिसणारा भाग जास्त मिळतो. फरक ‘एल’ आणि ‘एफ’ या एका अक्षराचा. ‘एफ’वाल्याला पूर्ण उघडायला गेटवर सुमारे १० व्होल्ट लागतात आणि आर्डुइनो देतो ५. मग तो अर्धवट उघडतो, उजेड कमी पडतो आणि मॉस्फेट हात लावू देणार नाही इतका तापतो. ‘एल’वाला ५ व्होल्टवर नीट उघडतो आणि दीड अँपिअरला कोमटही होत नाही.

जोडणी

पट्टीची धन तार थेट १२ व्होल्टला आणि ऋण तार मॉस्फेटच्या ड्रेनला जोडावी. मॉस्फेटची छापील बाजू समोर धरली की डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स असा क्रम येतो. सोर्स एसएमपीएसच्या ऋण टोकाला जातो. आर्डुइनोच्या ९ क्रमांकाच्या पिनमधून निघालेली तार २२० ओहममधून गेटला जोडावी. निळी पट्टी असेल तर तिच्यासाठी पिन १०. आर्डुइनोचा ग्राउंड आणि एसएमपीएसचे ऋण टोक एकमेकांना जोडलेच पाहिजे. नवशिक्यांचे निम्मे कंट्रोलर या एका विसरलेल्या तारेमुळे बंद राहतात.

गेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावावा. वीज आल्यावर बोर्ड जागा होईपर्यंत पिन अधांतरी असते. हा रेझिस्टर नसेल तर तेवढ्यात पट्टी पूर्ण जोराने लकाकू शकते. मासे दचकू नयेत म्हणून एवढा खटाटोप करायचा आणि वीज येताच तोच झटका द्यायचा, असे होऊ नये.

घड्याळ मॉड्यूलच्या एसडीए आणि एससीएल पिना अनुक्रमे ए ४ आणि ए ५ ला जोडाव्यात. मॉड्यूलवर झेडएस ०४२ असे छापलेले असेल तर आणखी एक काम आहे. त्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारे छोटे सर्किट असते आणि आपण बसवतो तो सीआर २०३२ सेल चार्ज करण्याजोगा नसतो. सतत चार्ज मिळून तो फुगू शकतो. सेलजवळचा २०० ओहमचा रेझिस्टर सोल्डरिंग आयर्नने उपटून काढला की ही वाट बंद होते.

बक कन्व्हर्टरचा स्क्रू फिरवून मल्टिमीटरवर ५ व्होल्ट आल्याची खात्री करावी आणि मगच बोर्ड जोडावा. काही एसएमपीएसच्या बाजूला ११० आणि २३० व्होल्टचा छोटा खटका असतो, तो २३० वर आहे ना ते पाहावे. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या बॅटरीवर पट्टी थेट लावण्याचा मोह टाळावा. चार्जिंगच्या वेळी त्या बॅटरीचा दाब १४ व्होल्टच्या वर जातो आणि पट्टी अकाली जळते.

२३० व्होल्टचे काम वायरमनकडून करून घ्यावे. एसएमपीएसच्या धातूच्या डब्याला अर्थिंग द्यावे आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर या निमित्ताने बसवून घ्यावा. एसएमपीएस आणि बोर्ड टाकीच्या झाकणात ठेवू नयेत. तिथली वाफ त्यांना गंजवते. बाजूच्या भिंतीवर, टाकीपेक्षा उंच आणि हवेशीर जागी डबा लावावा. टाकीकडून येणारी प्रत्येक तार सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्यावी. तारेवरून ओघळलेले पाणी झोलाच्या तळाशी ठिबकते, सॉकेटमध्ये शिरत नाही.

प्रोग्रॅमची खरी गोम

पुष्कळजण प्रोग्रॅम असा लिहितात : दहा वाजले की उजेड वाढवायला सुरुवात कर, एक वाजला की कमी कर. या पद्धतीत दहा वाजता वीज नसेल तर उजेड वाढवायची सूचना हुकते आणि सव्वादहाला वीज येऊनही टाकी अंधारात राहते. म्हणून घटनेवर विसंबू नये. बोर्डाने दर सेकंदाला घड्याळाला वेळ विचारावी आणि या क्षणी उजेड किती असायला हवा ते त्या वेळेवरून नव्याने काढावे. मग वीज कधीही जावो, कधीही येवो, उजेड आपल्या जागेवरच येतो.

हिशेब सोपा आहे. मध्यरात्रीपासून किती मिनिटे झाली ते धरायचे. दहा म्हणजे ६००, पावणेअकरा म्हणजे ६४५. या ४५ मिनिटांत उजेड शून्यापासून कमाल पातळीपर्यंत न्यायचा आहे. साडेदहाला घड्याळ ६३० सांगते. ६३० मधून ६०० वजा केले की ३० उरतात. ३० ला ४५ ने भागले की ०.६७. आर्डुइनोची पूर्ण पातळी २५५ असते. आपली कमाल ६० टक्के ठरवली असेल तर ती १५३ होते. मग साडेदहाची पातळी १५३ च्या दोनतृतीयांश, म्हणजे १०२ ठेवायची का?

तशी ठेवली तर पहाट खरी वाटत नाही. आपल्या डोळ्यांना उजेड सरळ प्रमाणात जाणवत नाही. पाव भाग वीज दिली तरी साधारण निम्मा उजेड झाल्यासारखा वाटतो. त्यामुळे सरळ रेषेत वाढवलेला उजेड सुरुवातीलाच भसकन वाढलेला दिसतो. उपाय म्हणून त्या ०.६७ चा वर्ग करावा. तो ०.४४ येतो आणि पातळी ६८ होते. एवढ्या एका गुणाकाराने उजेड पहाटेसारखा चढतो. मावळतीला हेच सूत्र उलटे लावायचे.

आणखी दोन गोष्टी प्रोग्रॅममध्ये हव्यात. पहिली : बोर्ड भरदुपारी जागा झाला आणि घड्याळाने पूर्ण उजेडाची वेळ सांगितली, तरी त्या पातळीला पोहोचायला त्याने दोन-तीन मिनिटे घ्यावीत. दुसरी : घड्याळात वेळ भरणारी ओळ. मॉड्यूलसोबतच्या नमुना प्रोग्रॅममध्ये संगणकावरची वेळ घड्याळात भरणारी एक ओळ असते. ती बिनशर्त तशीच राहिली, तर वीज येऊन बोर्ड सुरू होताना प्रत्येक वेळी घड्याळात प्रोग्रॅम भरला त्या दिवसाची जुनी वेळ बसते. घड्याळाची बॅटरी संपली असेल तरच वेळ भर, अशी अट त्या ओळीला घालावी किंवा एकदा वेळ लावून झाली की ओळ काढून प्रोग्रॅम पुन्हा भरावा.

वाय-फाय असलेला ईएसपी ३२ बोर्ड वापरणाऱ्यांना इंटरनेटवरून वेळ घेता येते. पण वीज येऊनही गावातले इंटरनेट तासभर येत नाही, हा अनुभव नवा नाही. तेव्हा त्याच्यासोबतही डीएस ३२३१ लावावेच. शिवाय ईएसपी ३२ च्या पिनवर ३.३ व्होल्टच येतात. त्यावर आयआरएलझेड ४४ एन पूर्ण उघडेल याची खात्री नसते, म्हणून मध्ये गेट ड्रायव्हर घालावा.

किती तास, किती जोर

नव्या टाकीला पहिला महिना रोज सहा तास आणि ५० ते ६० टक्के जोर पुरे. वनस्पती रुजल्या की साडेसात-आठ तासांपर्यंत जावे. लोह्यात २१ जूनच्या सुमारास दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरअखेरीस जेमतेम अकरा तासांचा असतो. तरीही टाकीला इतके तास उजेड देऊ नये. वनस्पती मोजक्याच असलेल्या टाकीत जादा तासांचा फायदा शेवाळ उचलते. टाकीवर खिडकीचे ऊन येत असेल तर आधी टाकी हलवावी. उन्हापुढे कंट्रोलरचे काही चालत नाही.

घरची मंडळी संध्याकाळी टाकी पाहतात हे धरून असे वेळापत्रक लावता येते : सकाळी १० ते १०.४५ उजेड चढता, १२.३० पर्यंत पूर्ण, १ वाजता बंद. पुन्हा ४.३० ला सुरू, ५.१५ ला पूर्ण, ८.१५ पासून उतरता आणि ९ वाजता अंधार. दुपारच्या या सुटीमागे शास्त्र आहे. सकाळच्या तीन तासांत वनस्पती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बराचसा वापरून टाकतात. दिवा बंद असताना मासे आणि तळातले जिवाणू तो पुन्हा भरून काढतात. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी ही पद्धत छांदिष्टांमध्ये रुजवली. मातीच्या थरावर टाकी फुलवण्याविषयीचे त्यांचे पुस्तक १९९९ मध्ये आले.

आपल्याकडे या सुटीला आणखी एक कारण आहे. मे महिन्यात नांदेड परिसरात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि पाणी तापते. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. भर दुपारी पट्टीची उष्णता त्यात न घातलेली बरी. डीएस १८बी२० हा पाण्यात बुडणारा तापमान सेन्सर ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरसह जोडून, पाणी ३१ अंशांच्या वर गेले की उजेड निम्मा कर, अशी एक अट प्रोग्रॅममध्ये घालता येते. मात्र त्या दिवसांत माशांचा जीव वाचवतो तो हवेचा पंप. वीज नसताना तो चालावा म्हणून बॅटरीवरचा छोटा पंप वेगळा ठेवावा.

टाकीवर लावण्याआधी

सगळे सर्किट आधी टेबलावर चालवून पाहावे. घड्याळाच्या जागी तात्पुरता मोजणीचा आकडा ठेवून १४४० मिनिटांचा दिवस एका मिनिटात फिरवावा. चढ, सुटी, उतार सगळे डोळ्यांसमोर दिसते. मग खरे घड्याळ लावून, उजेड चढत असतानाच प्लग काढावा आणि दहा मिनिटांनी परत लावावा. पट्टी हळूहळू त्या वेळच्या योग्य पातळीला आली पाहिजे. शेवटी सगळे रात्रभर बंद ठेवून सकाळी घड्याळाची वेळ मोबाइलशी ताडून पाहावी. या तिन्ही चाचण्यांत उतरलेला कंट्रोलर टाकीवर चढवायला हरकत नाही. माळेगावच्या यात्रेसाठी घर दोन दिवस बंद राहिले तरी टाकीचा दिवस-रात्रीचा फेरा चुकत नाही.

देखभाल थोडी आहे. इथल्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. उडालेले थेंब वाळले की पट्टीच्या आवरणावर पांढरे पापुद्रे धरतात आणि उजेड घटतो. ओल्या कापडाला थोडे व्हिनेगर लावून दर पंधरवड्याला ते पुसावेत, टाकीत व्हिनेगर पडू देऊ नये. घड्याळाचा सेल दोन-तीन वर्षांनी बदलावा, तोही बोर्ड चालू असताना, म्हणजे वेळ पुसली जात नाही.

अडले तर विचारायला जागा जवळच आहेत. माशांविषयी उदगीरचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. सर्किटविषयी विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतले विद्यार्थी किंवा अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळेतले शिक्षक मदत करू शकतात. त्यांच्याकडे जाताना टाकीचे माप, पट्टीचे वॅट, सध्याचे वेळापत्रक आणि शेवाळ कुठे धरते याची नोंद सोबत न्यावी. वेळापत्रकात बदल करायचा तर एका वेळी एकच करावा : एकतर अर्धा तास कमी किंवा दहा टक्के जोर कमी. त्यानंतर दोन आठवडे काचेकडे आणि नव्या पानांकडे लक्ष ठेवून पुढचा आकडा ठरवावा.